कडुबाला प्यादेमात

७ डिसेंबर २०२५, रविवार. दुपारी ४.२०

आज तिसरा रविवार. कडुबा साळवे आला नाही.

बावीस वर्षं दर रविवारी चारच्या ठोक्याला यायचा. आमच्या गॅलरीत पट मांडलेला असायचा, बुद्धिबळाचे दोन डाव व्हायचे, सहाला तो मुकुंदवाडीला परत. आता येत नाही तर न येवो. माझं काही अडत नाही. उलट रविवार मोकळा मिळतो. आज त्या मोकळ्या वेळात गॅलरीत बसलो. रस्त्यानं अकरा रिक्षा गेल्या. एकही थांबली नाही.

नोंद असावी म्हणून लिहितो: चूक त्याची आहे. १६ नोव्हेंबरला त्याचा हात उंटाकडं जाता जाता हत्तीला लागला. मी म्हटलं, साळवे, टच. ज्या मोहऱ्याला हात लागला तेच चालवायचं. तो म्हणाला, चुकून लागला हो राजाभाऊ, दिसला नाय. आता समोरचा हत्ती दिसला नाही असं शहाणा माणूस म्हणतो का? मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं क्लार्क होतो. ‘दिसलं नाही’ या सबबीवर भल्याभल्यांच्या फायली परत पाठवल्यात. नियम म्हणजे नियम. त्यानं गुपचूप हत्ती चालवला, हरला, तांब्याभर पाणी प्याला आणि गेला. तेव्हापासून बेपत्ता.

आणखी एक. पूर्वी स्कूटीवर यायचा. ऑगस्टपासून रिक्षानं येतो. चितेगावच्या कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेला माणूस, पण थाट बघा. थाट वाढला की माणूस बिघडतो.

संकल्प: आपण होऊन फोन करायचा नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

फोन केला नाही. मोबाईल तीनदा हातात घेतला होता, पण तो वेळ बघायला.

पोळ्या करायला येणारी भागूबाई विचारत होती, ते साळवेबाबा येईनात का झाले. मी म्हटलं, बिझी असतील. तर म्हणते, मागच्या बारीला आले तवा तुमच्या खुंटीवरच्या कोटालाच जय भीम घातला त्यांनी, तुम्ही आत चहा टाकत होते. मी म्हटलं, मस्करी केली असेल. ती म्हणाली, मस्करी नव्हती साहेब, मंग लई ओशाळले ते.

भागूबाईला विनोद कळत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

संध्याचा फोन आला. संध्या म्हणजे आमची सौ. तनुजाच्या, म्हणजे मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आहे, सहा महिन्यांसाठी. मार्चमध्ये दोन वर्षं होतील. तिला सांगितलं की माझं उत्तम चाललंय, वाचन होतं, चिंतन होतं. तिनं विचारलं, काय वाचता? मी म्हटलं, मुख्यतः चिंतन. मग म्हणाली, कडुबाभाऊंना आधी फोन करा, उगा तट्टासारखे अडून बसू नका. एवढ्यात तिकडं कुकरची शिट्टी झाली आणि फोन बंद झाला.

एकूण बोलणं एक मिनिट चाळीस सेकंद. मुद्देसूद बोलते.

१४ डिसेंबर, रविवार. ५.४५

आज स्वतःशीच खेळलो. आधी पांढरी मोहरी चालवायची, मग खुर्ची बदलून काळी. काळ्यानं पांढऱ्याला हरवलं. दोन्ही बाजूंनी माझा खेळ वरच्या दर्जाचा झाला. खुर्ची बदलून बदलून गुडघा धरला. पांढरा मधेच म्हणाला, चहा टाकू का. म्हणजे मीच म्हणालो. पण मोठ्यानं.

हे कोणाला सांगायचं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

मोठी बातमी! साठीच्या पुढच्यांसाठी शहरात बुद्धिबळ स्पर्धा. १० आणि ११ जानेवारी, उस्मानपुऱ्यातलं एक मंगल कार्यालय, पाच फेऱ्या. सकाळीच नाव दिलं. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली. तिसावं नाव माझं. एकतिसावं, म्हणजे सगळ्यात शेवटचं: कडुबा संपत साळवे.

माझ्या लगोलग नाव दिलंय! मला गाठायलाच येतोय. ये म्हणावं.

बेत असा. त्याच्याशी गाठ पडली की त्याला हरवायचं. आणि साधं नाही, प्यादेमात द्यायची. आमचे दादा, म्हणजे वडील, खुलताबादला ओट्यावर बुद्धिबळ खेळायचे. ते म्हणायचे, वजिरानं मात कोणीही करतं, त्यात काय मर्दुमकी? घोड्यानं केली तर चार लोक वाहवा करतात. पण पटावरचं सगळ्यात गरीब मोहरं म्हणजे प्यादं. त्यानं राजाला मारलं की हरणाऱ्याची तीन पिढ्या मान खाली. दादांनी आयुष्यात दोनदा प्यादेमात केली, त्यातली एक तलाठ्याला. पुढं वर्षभर आम्हाला सातबाराचा उतारा मिळाला नाही, पण दादा खूश होते.

आणि यातली खरी गोम इथं आहे: हरलेला माणूस उट्टं काढायला येतोच. प्यादेमात खाल्ली की कडुबाला चैन पडणार नाही. पुढच्या रविवारी चारला दारात हजर. म्हणजे फोन करायला नको, माफी मागायला नको, आणि रविवार पूर्ववत सुरू. यालाच दूरदृष्टी म्हणतात. खात्यात असताना हिची कोणी कदर केली नाही.

२० डिसेंबर, शनिवार

सराव सुरू. मोबाईलवर बुद्धिबळाचं अ‍ॅप घेतलं. त्यात लेव्हल असतात. मधली निवडली. मग सहज म्हणून तिच्या खालची. मग सगळ्यात खालची, तिथं कोंबडीच्या पिल्लाचं चित्र आहे. पिल्लू बरं खेळतं.

नंतर कोणत्या तरी परदेशी माणसाशी ऑनलाइन डाव लागला. नऊ चालीत संपला. शेवटी त्यानं इंग्रजीत ‘जीजी’ असं लिहून पाठवलं. आपल्याकडं मोठ्यांना जी जी म्हणतात तसंच असावं. हरलो तरी समोरच्याला आपलं वय आणि अधिकार कळतो. मी त्याला ‘सुखी राहा’ लिहून पाठवलं, तोवर तो निघून गेला होता.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज हद्द झाली. औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत मेथीच्या ढिगापाशी कडुबा उभा. माझ्यापासून चार हातांवर, जरा डाव्या अंगाला. मी त्याच्याकडं बघतोय, खोकलो पण. पठ्ठ्या सरळ समोर बघत राहिला. पाहून न पाहिल्यासारखं! बरोबर त्याची बायको मालनबाई होती. तिनं त्याचं मनगट धरलं होतं, नव्या नवरीसारखं. पासष्टीला हे चाळे.

मी मेथी न घेताच परत आलो. मेथी घ्यायलाच गेलो होतो.

रात्रीला पिठलं.

२८ डिसेंबर, रविवार. ४.००

आला नाही.

४.३०. खाली रिक्षा थांबली. वरच्या मजल्यावरच्यांचं पार्सल होतं.

५.१०. आपल्याला काय. सराव चालू आहे. आज प्यादेमातीच्या सात वेगवेगळ्या रचना पटावर मांडून बघितल्या. समोरचा राजा हलला नाही तर सातही जमतात.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

नवीन वर्षाचे संकल्प. पहाटे पाचला उठणे. रोज बुद्धिबळाची पन्नास कोडी सोडवणे. चहा दोनदाच. गॅलरीतून रस्त्याकडं न बघणे. संध्याला ‘कधी येणार’ असं न विचारणे, कारण मग ती फोन ठेवते.

आज साडेसातला उठलो. पण ३१ तारखेच्या फटाक्यांमुळं, सबब आजचा दिवस धरायचा नाही.

४ जानेवारी, रविवार

संध्याला विचारलं, कधी येणार. बाळाचे दात येतायत म्हणाली. मी म्हटलं, मागच्या महिन्यात पण दातच येत होते. ती म्हणाली, माणसाला बत्तीस असतात.

तिला सांगितलं की ११ तारखेला कदाचित माझा बक्षीस समारंभ असेल. ती म्हणाली, स्वेटर घालून जा.

९ जानेवारी, शुक्रवार

उद्या स्पर्धा. कोडी एकूण चौदा सोडवून झाली. त्यातल्या सहांची उत्तरं आधी बघितली होती, पण समजून घेऊन बघितली. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. प्यादेमात दिल्यावर काय म्हणायचं ते ठरवलं. आधी वाटलं, ‘साळवे, नियम म्हणजे नियम’. मग वाटलं, फार लागेल. मग ठरलं: ‘या रविवारी, बघू.’ दोनच शब्द पुरे, ‘या’ आणि ‘बघू’. रविवार त्याला कळतो.

आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘या’ जरा मोठ्यानं जातो.

१० जानेवारी, शनिवार. संध्याकाळ

पहिला दिवस पार पडला. तीन फेऱ्या.

पहिल्या फेरीत एक रिटायर्ड मास्तरीणबाई. एकोणीस चालीत हरलो. खुर्ची डुगडुगत होती. दुसऱ्या फेरीत मला डाव न खेळताच पूर्ण एक गुण मिळाला. याला ‘बाय’ म्हणतात. एकतीस खेळाडू असल्यानं कोणीतरी एक उरतो, आणि तो गुणवत्तेप्रमाणं निवडतात असं पंच मेघा मॅडम म्हणाल्या. कोणत्या बाजूनं गुणवत्ता ते मी विचारलं नाही. तिसऱ्या फेरीत हरलो. जेवण जड झालं होतं, अळूवडी दोनदा वाढली.

कडुबा हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. मालनबाई मागं खुर्चीवर बसून. दिवसभरात त्यानं माझ्याकडं एकदाही मान वळवली नाही. मी मोजत होतो.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.३०

सविस्तर लिहितो. 

चौथी फेरी हरलो. तिच्यात लिहिण्यासारखं काही नाही. पाचव्या, शेवटच्या फेरीचा कागद भिंतीवर लागला. टेबल नंबर पंधरा: औताडे राजेंद्र, म्हणजे मी, पांढरी. साळवे कडुबा, काळी. पंधरावं टेबल सगळ्यात शेवटी, खिडकीपाशी. हवेशीर जागा. मेघा मॅडमनी स्वतः येऊन विचारलं की उजेड पुरतो का. मी म्हटलं, मला पुरतो. त्यांनी मला विचारलंच नव्हतं बहुतेक, पण आपण उत्तर द्यावं.

सुरुवातीला हात मिळवायचा असतो. कडुबानं हात पुढं केला, तो माझ्याकडं नाहीच, माझ्या शेजारच्या खांबाकडं. मी म्हणून सरकून तो हात घेतला. केवढा हा अपमान! पण हात मात्र त्यानं चांगला घट्ट धरला, सोडेच ना. म्हणाला, राजाभाऊ, बरे हाय ना? मी म्हटलं, घड्याळ सुरू झालंय.

आठ चाली झाल्या आणि तो म्हणाला, बरोबरी घेता का राजाभाऊ? बाहेर टपरीवर चहा पिऊ. खेळायला बसून पाव तास झाला नाही आणि बरोबरी! घाबरला, हे उघड होतं. मी म्हटलं, चाल करा.

त्याची खेळायची तऱ्हा विचित्र झालीय. नाक पटाला टेकेल इतका वाकतो. बोटानं पटाची कड धरून घरं मोजतो, मग हात उचलतो. मी मेघा मॅडमना बोलावून हरकत घेतली. त्या म्हणाल्या, काका, घरं मोजायला मनाई नाही, मोहऱ्याला हात लागला तर सांगा. कडुबा मान खाली घालून म्हणाला, मोजू द्या बाई, त्यांचंबी खरं हाय.

सतराव्या चालीला त्यानं वजीर आणून थेट माझ्या घोड्याच्या तोंडात ठेवला. घोडा पटाच्या उजव्या कडेला उभा होता, दहा चाली आधीपासून. हा माझा सापळा होता. माझ्याही तो त्याच क्षणी लक्षात आला, एवढा खोल होता. घोड्यानं वजीर खाल्ला. कडुबा हसला. म्हणाला, घ्या! हा घोडा कुठून आला म्हणायचा? मी म्हटलं, खुलताबादहून. फार दिवसांनी असं काही सुचलं. तोही हसला. क्षणभर आपली गॅलरीच वाटली.

मग मी एकेक मोहरं टिपत गेलो. शेवटी त्याच्याकडं नुसता राजा, वरच्या कोपऱ्यात. माझ्याकडं राजा, वजीर आणि एक प्यादं. माझ्या राजानं त्याच्या राजाची शेजारची दोन घरं धरलेली. वजीर सरळ उजव्या कडेच्या पट्टीत नेला की एका चालीत मात, खेळ खलास. मला ती चाल स्वच्छ दिसत होती, हे इथं मुद्दाम नमूद करतो. घड्याळात माझी सव्वीस मिनिटं शिल्लक होती. पण वजिरानं काय, कोणीही मारतं. माझं प्यादं त्याच्या राजाला शह देण्यापासून दोन घरांवर होतं. आता एक घर पुढं, आणि पुढच्या चालीला आणखी एक घर की शह, आणि तीच मात. प्यादेमात!  दादा आठवले. मी प्यादं उचललं आणि एक घर पुढं ठेवलं.

कडुबा वाकला. बोटानं घरं मोजली. एकदा, दोनदा, तीनदा. लई वेळ. मग हळूच म्हणाला, राजाभाऊ, मला तर चालच नाय.

मी म्हटलं, करा की, राजा हलवा. तो म्हणाला, कुठं हलवू? माझ्या राजानं दोन घरं अडवलेली, आणि आता पुढं सरकवलेल्या प्याद्यानं तिसरं. त्याच्या राजाला शह नाही, आणि हलायला जागाही नाही. मेघा मॅडम आल्या, बघितलं, म्हणाल्या, स्टेलमेट. बरोबरी. अर्धा अर्धा गुण.

मी उभा राहिलो. सांगितलं की आमच्या दादांच्या नियमात राजा असा कोंडला तर चाल मागं घेऊन दुसरी करू देतात, खुलताबादेत कोणालाही विचारा. त्यांनी मोबाईलवर नियम दाखवला. मी म्हटलं, हा इंग्रजीत आहे. त्यांनी मराठीत समजावून सांगितला. आवाज थोडा चढला, माझाच. आजूबाजूच्या टेबलांवरच्यांनी माना वळवल्या. तेवढ्यात कडुबा म्हणाला, बाई, त्यांचीच मात धरा ना. त्यांनी लई जीव लावून खेळलं, मला चालतंय. त्या म्हणाल्या, तसं करता येत नाही काका.

हे ऐकून तर मी आणखीच भडकलो. दया दाखवतो! कागदावर सही ठोकली आणि निघालो. मागून म्हणत होता, चला ना राजाभाऊ, चहा घेऊ, बरोबरी तर बरोबरी. मी म्हटलं, मला कामं आहेत. आणि मग, कसं सुचलं कोण जाणे, म्हटलं की साळवे, तुम्ही नाटकं करता. मंडईत पाहून ओळख देत नाही, आता नाक घासून खेळता, सगळी नाटकं.



पायऱ्यांपाशी मालनबाईनं मला गाठलं. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, भाऊ, ह्यांना कडंकडंचं दिसत नाय आता. काचबिंदू हाय. समोर तेवढं दिसतंय, नळीतून बघावं तसं, आन तेबी कमी व्हायलंय. डॉक्टर म्हणले गेलेली नजर वापस येत नाय, हाय ती सांभाळा. तुम्हाला सांगू नको म्हणले, राजाभाऊ खेळायचं बंद करतील म्हणून. मंग ती टचची गोष्ट झाली, तवापासून म्हणत होते, दिसतंय तवर राजाभाऊसंगं एक डाव व्हावा. तुम्ही नाव दिल्याचं कळलं तसं ह्यांनीबी घातलं. डॉक्टर तर नकोच म्हणले होते.

मी म्हटलं, असं का. एवढंच म्हटलं. ‘असं का.’ ऑफिसात कोणी रजेचा अर्ज दिला की म्हणायचो तसं.

मग तिनं त्याचा हात धरला आणि दोघं एकेक पायरी उतरली. मी वरच उभा होतो. ‘या रविवारी, बघू’ हे म्हणायचं होतं. 

एकूण दीड गुण. एकतीस जणांत एकोणतिसावा.

१२ जानेवारी, सोमवार

काही नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

भागूबाई म्हणाली, पोळ्या कालच्या तशाच डब्यात. मी म्हटलं, जेवलो बाहेर. ती म्हणाली, कुठं? मला एकदम हॉटेलचं नाव आठवेना.

१६ जानेवारी, शुक्रवार

संध्याला सांगितलं. सगळं नाही, बरोबरी झाली एवढं. तिनं विचारलं, आणि कडुबाभाऊ कसे आहेत? मी म्हटलं, काचबिंदू. पलीकडं तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.  मग म्हणाली, अहो, मग जा की त्यांच्याकडं.

बेत: रविवारी मीच जायचं. पट घेऊन. त्यानं मोहऱ्यांना हात लावायचाच नाही, टचचा प्रश्नच मिटला. मी चाल मोठ्यानं सांगायची, त्यानं तोंडी उत्तर द्यायचं, मी त्याचं मोहरं हलवायचं. डोळ्यांवाचून खेळणारे मोठमोठे खेळाडू आहेत जगात. हा उपाय डॉक्टरांना कसा सुचला नाही, आश्चर्य आहे.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६.१५

गेलो होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. घर तीनदा विचारावं लागलं. अर्धा डझन केळी नेली.

कडुबा ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो, नाकासमोर. त्याला दिसलो. म्हणाला, आं! राजाभाऊ! आणि आत हाक मारली, मालन, राजाभाऊ आले गं, चहा ठेव. आवाजावरून खरंच आनंद झालेला दिसला. मी पट काढला आणि माझी योजना समजावून सांगितली. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाला, नाय जमायचं हो. डोक्यात पट धरायला मी काय मोठा खेळाडू हाय का? मी बघून बघून खेळणारा माणूस. त्या दिवशी डाव झाला आन दोन दिवस डोकं उठलं. आता खेळ बास. आपण आपलं नुसतं बसू, गप्पा मारू.

मी म्हटलं, बसू की. त्यात काय.

बसलो.

आणि मग लक्षात आलं की आम्ही कधी बोललोच नाही. बावीस वर्षं, दर रविवारी दोन तास. शह. चाल. टच. साखर कमी का. बास. हजारावर रविवार झाले असतील, आणि मला या माणसाशी काय बोलायचं ते माहीत नाही.

मी विचारलं, मुलगा काय करतो सध्या? तो म्हणाला, मुलगा नाय, दोन पोरी हायेत. एक जालन्याला नर्स हाय. मी म्हटलं, वा. मग त्यानं विचारलं, वहिनी आल्या का पुण्याहून? मी म्हटलं, येईल आता. तो म्हणाला, दोन वर्षं झाली ना?  त्याला माहीत होतं. कधी विचारलं नाही एवढंच. मी म्हटलं, मार्चमध्ये होतील. तो म्हणाला, व्हय.

मग चहा आला. चहा पिऊन झाला. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, बाजूला कंपनीनं दिलेलं घड्याळ. मी घड्याळाकडं बघत होतो. तो समोर बघत होता, त्याच्या नळीत त्या वेळी काय होतं कोण जाणे. पटाची दोरी मी सोडली होती, ती परत बांधली. हळूहळू बांधली, पण दोरी ती केवढी.

पंचवीस मिनिटं झाली. मी म्हटलं, निघतो, घरी नळवाला यायचाय. असं का म्हटलं? नळाला काहीही झालेलं नाही. कडुबा म्हणाला, रविवारी नळवाला येतो? लई भारी. फाटकापर्यंत भिंत चाचपत आला. मी नको नको म्हणत होतो, पण त्याचा हात धरायला पाहिजे होता. ते रिक्षात बसल्यावर सुचलं. म्हणाला, पुढच्या रविवारी या, मी कुठं जाणार? मी म्हटलं, बघतो.

बघतो कसलं. जाणारच आहे. जायला दुसरं ठिकाण नाही. मात्र या वेळेस तयारीनं जायचं. बोलायचे मुद्दे आधी लिहून न्यायचे.

१. तब्येत. पाच मिनिटं.

२. थंडी. दोन मिनिटं. महिनाअखेर ओसरली तर तेही नाही.

३. साळवे, तुम्ही नसलात की रविवार मला खायला उठतो.

तिसरा खोडला. पुरुषासारखे पुरुष, असं कोणी बोलतं का? त्या जागी लिहिलं: नळ दुरुस्त झाला.